येतोय म्हणे!

मराठी भाषेत 'म्हणे' हा एक फार सोयीचा शब्द आहे. "शेजाऱ्यांनी फ्रीज घेतला" असं आपण म्हटलं, तर उद्या तो दाखवायची जबाबदारी आपल्यावर येते. पण "शेजाऱ्यांनी फ्रीज घेतला म्हणे" असं म्हटलं की आपण मोकळे. फ्रीज असो, नसो, त्यात बर्फ होवो, न होवो, आपला संबंध नाही. आमच्या हिंगोलीकडं या शब्दाचा उच्चार 'म्हणं' असा होतो आणि तो वाक्यात मिठासारखा पडतो. "पाऊस पडायलाय म्हणं." म्हणणारा स्वतः भिजलेला असतो, तरी 'म्हणं'!

आता प्रश्न असा, की 'म्हणे' लावून सांगितलेली गोष्ट खोटी निघाली, तर सांगणारा खोटं बोलला असं होतं का? तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाला ही तत्त्वज्ञानाची उठाठेव कुणी सांगितली? त्यानं पासबुकं छापावीत. खरं आहे. पण हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही, बँकेसमोरच्या चहाच्या टपरीवर भेटला. पंधरा वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी तो माझ्या खात्यावर थकीत आहे.

जानेवारी २००९ची गोष्ट. एके दिवशी पेपरात बातमी आली की सरकार विद्यार्थ्यांसाठी एक लहानसा लॅपटॉप आणणार आहे. किंमत दहा डॉलर. म्हणजे आपले पाचशे रुपये! तारीख ठरली ३ फेब्रुवारी, ठिकाण तिरुपती. त्या काळी लॅपटॉप म्हणजे वीस-पंचवीस हजारांचं काम. आमच्या शाखेत तो फक्त तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या मांडीवर दिसायचा, आणि साहेब परत जाईपर्यंत आम्ही त्याच्याकडं नव्या सुनेकडं बघावं तसं बघायचो.

टपरीवर दुसऱ्या दिवसापासून तट पडले. पहिला तट निवृत्त गुरुजींचा. गुरुजींनी पेपर नुसता वाचलेला नसे, पाठ केलेला असे. त्यांनी आम्हांला सांगितलं की अमेरिकेतल्या निग्रोपाँटे नावाच्या प्राध्यापकानं २००५ सालीच शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली होती. त्याला वीज नसली तर फिरवायला हँडल होतं. (हे हँडल ट्युनिसच्या परिषदेत दाखवतानाच निखळलं, ही बातमी गुरुजींनी वगळली. ती मला फार उशिरा कळली.) पुढं हँडल गेलं आणि किंमत शंभराची दोनशेच्या आसपास पोचली. आपल्या शिक्षण खात्यानं २००६ साली तो लॅपटॉप नको म्हणून कळवलं. पण २००७ साली त्यांतले वीसेक आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या एका वाडीवरच्या शाळेत आले.

"गाव कोणतं, गुरुजी?" मी विचारलं.

"खैरात."

"अहो, वाटले ते कळलं. गाव कोणतं?"

"गावाचंच नाव खैरात!"

यावर टपरी इतकी हसली की चहावाल्याचं दूध उतू गेलं.

दुसरा तट मोंढ्यातल्या एका हळदीच्या अडत्यांचा. त्यांचा युक्तिवाद एका वाक्याचा होता. "पाचशे रुपयांत त्याची पिशवी येत नाही." गुरुजी म्हणत, सरकार तोटा सोसेल. अडते म्हणत, सोसेल, पण किती दिवस? आमचे हेड कॅशियर तिसऱ्याच तटात. लॅपटॉप येणार यावर त्यांचा पूर्ण विश्वास, पण त्याला पडदा केवढा असेल याची चिंता. तैवानच्या असूस कंपनीनं २००७ साली सात इंची पडद्याचा लॅपटॉप काढला होता, हे कुणी तरी सांगितलं, तेव्हा ते चष्मा पुसून म्हणाले, "सात इंचांत सातबारा कसा मावायचा?" चहावाल्याची शंका सर्वांत मूलगामी होती. "आठ-आठ तास लोडशेडिंग आहे. तो चालवायचा कशावर? रॉकेलवर?"

मी कॉमर्सचा पदवीधर. कच्चा माल, मजुरी आणि वरखर्च यांची बेरीज म्हणजे उत्पादनखर्च, हे मी परीक्षेत तीनदा लिहिलं होतं. (तीनदा, कारण त्या पेपरला मी तीनदा बसलो.) नुसता कीबोर्ड तेव्हा बाजारात अडीचशे-तीनशेला पडायचा. म्हणजे उरलेल्या दोनशेत पडदा, बॅटरी आणि बाकीचं यंत्र बसायला हवं होतं. कोणत्याही हिशेबानं हे बसत नव्हतं. तरी माझा विश्वास बसला.

का बसला? याचं एक कारण हिंगोलीत आहे. हिंगोलीचा माणूस थांबण्यात तयार झालेला माणूस आहे. जिल्हा होणार, होणार म्हणत आम्ही थांबलो, आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून फुटून खरंच जिल्हा झाला. ब्रॉडगेज येणार, येणार म्हणत आम्ही मीटरगेजच्या डब्यात हाडं खिळखिळी करून घेतली, आणि २००८ साली अकोला-पूर्णा मार्गाचं काम खरंच पुरं झालं. दोन 'म्हणे' लागोपाठ खरे ठरल्यावर तिसऱ्यावर संशय घ्यायचा म्हणजे कृतघ्नपणाच. शिवाय ठिकाण तिरुपती. तिथं जाऊन खोटं कोण बोलेल?

दुसरं कारण जरा लाजिरवाणं आहे. ते म्हणजे आमच्या शाखेचे दफ्तरी मामा. मामा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. जुनी लेजरं, व्हाउचरांचे गठ्ठे, रेकॉर्ड रूममधले उंदीर, सगळ्यांचा ठावठिकाणा त्यांना पाठ. अख्ख्या बँकेत मला 'साहेब' म्हणणारे ते एकटेच. मॅनेजर मला आडनावानं हाक मारत, ग्राहक 'ओ' म्हणत, घरी सौ. 'ऐकलं का' म्हणते. म्हणजे माझं साहेबपण मामांच्या एकट्याच्या जिवावर उभं होतं. त्यांनी एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मला गाठलं.

"साहेब, पोरगी बारावीला हाय. पुढं कम्प्युटरचं शिकते म्हणायलीय. घरी मशीन पायजे म्हणायलेत. नांदेडला जुना मिळायलाय आठ हजाराला. पतपेढीतून काढतो. घेऊ का थांबू?"

वाचकहो, या प्रश्नाचं खरं उत्तर तीन शब्दांचं होतं, "मला माहीत नाही." पण एकदा कुणी साहेब म्हटलं की हे तीन शब्द माणसाच्या तोंडातून निघत नाहीत. मी चष्मा वर केला आणि म्हणालो,

"आठ हजार कशाला घालवता? थांबा. पाचशेत लहान लॅपटॉप येतोय म्हणे."

मामा खूश झाले. साडेसात हजार वाचवल्याबद्दल त्यांनी मला संध्याकाळी भजी खाऊ घातली. ती मी खाल्ली.

३ फेब्रुवारी उजाडली. तिरुपतीला समारंभ झाला. दुसऱ्या दिवशी पेपरात जे आलं ते वाचून टपरी गार पडली. दाखवलेली वस्तू म्हणजे एक वीतभर डबा होता. त्याला पडदा नव्हता, कीबोर्ड नव्हता. त्यात माहिती साठवता येत होती म्हणे, पण बघायला निराळा कम्प्युटर हवा. अडते म्हणाले, "मी म्हटलो होतो, पिशवी येत नाही. ही बघा, नुसती पिशवीच आली!" गुरुजी म्हणाले, "ही सुरुवात आहे." आणि मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी गुरुजींकडून शब्द उसना घेतला. "ही सुरुवात आहे, मामा. सहा महिने थांबा."

जुलै २०१०मध्ये दिल्लीत नवी वस्तू दाखवली गेली. किंमत पस्तीस डॉलर, म्हणजे दीड हजार. "बघा, आता खरंच आलाय," मी म्हणालो. ५ ऑक्टोबर २०११ला ती वस्तू 'आकाश' या नावानं बाहेर पडली. सरकारला ती सव्वादोन हजारांच्या आसपास पडली. पाटीसारखी सात इंची, कीबोर्ड नसलेली. लॅपटॉप जमिनीवर उतरेल म्हणून आम्ही वाट पाहत होतो आणि आलं ते आकाश!

पेपरातलं ते कात्रण घेऊन मी दिवाळीला मामांच्या घरी गेलो. आता नक्की मिळणार, हे सांगून चकल्या खाव्यात असा बेत होता. मामा बाहेर गेले होते. आतल्या खोलीतून टक्-टक्-टक् असा आवाज येत होता. मला वाटलं, मामांनी शेवटी मशीन घेतलं वाटतं. डोकावून पाहिलं. मुलगी जमिनीवर बसली होती. समोर पाटावर एक जुना कीबोर्ड, पिवळा पडलेला, एका कोपऱ्यात 'अ‍ॅसेट नंबर' रंगवलेला. तो आमच्याच शाखेचा होता. भंगारात निघाला तेव्हा मामांनी भंगारवाल्याकडून वीस रुपयांना घेतला होता. त्याची वायर गुंडाळून रबर लावलेलं होतं. ती कशालाच जोडलेली नव्हती.

"काय टाइप करतेस?" मी विचारलं. काही तरी विचारणं भाग होतं.

"काही पण, काका. पेपर समोर ठेवून करते. दिसत नाही ना, म्हणून चुका पण दिसत नाहीत," असं म्हणून ती हसली.

कम्प्युटरच्या कोर्सला ती गेलीच नव्हती. मामांचा हिशेब सरळ होता. घरी मशीन नाही तर तो कोर्स झेपणार नाही, आणि मशीन तर साहेबांनी सांगितलंय, येतंय. तोवर तिनं इथंच बी.ए.ला नाव घातलं, इतिहास विषय घेऊन. आता ती शेवटच्या वर्षाला होती. पाचशे रुपयांच्या लॅपटॉपची वाट पाहता पाहता मुलगी मोगलांपासून मराठ्यांपर्यंत येऊन पोचली होती.

खिशातलं कात्रण मी खिशातच ठेवलं. चकली मात्र खाल्ली. ती घशात अडकली, यात चकलीचा दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मामांना म्हणालो, "मामा, आपण नांदेडला जाऊ. निम्मे पैसे मी घालतो. जुनं मशीन घेऊन टाकू." मामांनी थोडा विचार केला आणि मला माझ्याच जाळ्यात पकडलं. "साहेब, येवढी वर्षं थांबलो. आता मधीच घेतला आन् दुसऱ्या दिवशी पाचशेचा आला तर?"

यावर मी काय बोलणार? माझं नाणं त्यांनी मला परत दिलं होतं. थांबण्याचं हे असं असतं. जितकं थांबावं तितकं उठणं महाग होत जातं.

तेव्हापासून मी स्वतःशी भांडतो आहे. माझी बाजू अशी: मी लबाडी केली नाही. मंत्र्यांनी सांगितलं, पेपरांनी छापलं, मी फक्त पुढं सांगितलं, आणि तेही 'म्हणे' लावून. दोष कुणाचा काढायचा तर वरच्यांचा काढा.

पण बँकेतल्या माणसाला हा बचाव पचत नाही. १८८१ सालचा परक्राम्य संलेखांचा कायदा आम्ही परीक्षेसाठी घोकलेला असतो. नाव भयंकर असलं तरी त्यातली एक गोष्ट साधी आहे. दुसऱ्याचा चेक पाठीमागं सही करून तुम्ही तिसऱ्याला दिलात आणि तो वटला नाही, तर तिसरा माणूस तुमच्याकडंही पैसे मागू शकतो. चेक तुम्ही लिहिलेला नसतो, पण तिसऱ्यानं तो घेतला तुमची सही पाहून. आता यातूनही सुटका आहे. कलम ५२ म्हणतं, की सही करताना 'माझ्यावर जबाबदारी नाही' असं स्पष्ट लिहा, म्हणजे तुम्ही सुटलात. हे कलम वाचताना मला पहिल्यांदा कळलं, की 'म्हणे' म्हणजे मराठी भाषेचं कलम ५२ आहे!

मात्र एक फरक आहे. चेकवर तसं लिहिलेलं दिसलं की घेणारा सावध होतो. मामा सावध झाले नाहीत. कारण त्यांनी 'म्हणे' ऐकलंच नाही. त्यांना फक्त 'साहेब' ऐकू आले. बातमी पेपरात होती तोवर तिची किंमत पेपराइतकी होती, चार आण्यांच्या रद्दीइतकी. ती माझ्या तोंडून गेल्यावर तिच्यावर माझी सही पडली. मामांनी आपल्या पोरीची तीन वर्षं सरकारच्या शब्दावर लावली नव्हती, माझ्या शब्दावर लावली होती.

एकदा टपरीवर हा विषय मी नाव न घेता काढला. गुरुजी म्हणाले, "आशा दाखवण्यात पाप कसलं? आशेवरच जग चालतं." अडते म्हणाले, "गुरुजी, मोंढ्यात रोज कुणी तरी सांगतं, हळद वाढणार म्हणं, धरून ठेवा. मी त्याला एकच विचारतो, तू तुझी विकली का धरली? धरली असंल तर बोल. विकली असंल तर चहा पी." मी मुकाट्यानं चहा प्यायलो. कारण त्या सगळ्या भानगडीत माझा एक पैसा, एक दिवस अडकलेला नव्हता. उलट एक प्लेट भजी जमा होती.

मला वाटतं, अफवांचे दोन प्रकार करायला हवेत. २१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध पितोय म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा मीही चमचा घेऊन उभा होतो. त्या अफवेत माणसाचं गेलं काय? चमचाभर दूध आणि अर्धा तास. शिवाय खरं-खोटं करायची सोय हातातल्या चमच्यातच होती. 'येतोय, येतोय' हा दुसरा प्रकार. ती अफवा आज खोटी ठरतच नाही, कारण ती नेहमी उद्याची असते. ती माणसाकडून दूध मागत नाही, दिवस मागते. आणि दिवस नेमके त्यांचेच जातात, ज्यांच्याकडं दुसरा मार्ग घ्यायला पैसे नसतात. साहेबांनी थोडाच पाचशेचा लॅपटॉप येईपर्यंत आपला बंद करून ठेवला होता?

या शहाणपणाचा मला एकदा उपयोग झाला, म्हणजे व्हायला हवा होता. नोव्हेंबर २०१६मध्ये दोन हजारांची नोट आली आणि तिच्यात म्हणे चिप होती! जमिनीखाली पुरली तरी सरकारला दिसणार. काउंटरवर रोज विचारणा. मी आता 'म्हणे' सोडलेलं. ठामपणे सांगायचो, "चिप नाही. रिझर्व्ह बँकेनं नोटेची वैशिष्ट्यं दिली आहेत, त्यात चिप नाही." कुणी विश्वास ठेवला नाही. एक आजोबा तर बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्हांला वरून न सांगायची ऑर्डर आसंल." म्हणजे 'म्हणे' लावून सांगितलं ते मामांनी वेदवाक्य मानलं आणि खात्रीचं सांगितलं ते कुणी 'म्हणे' एवढंही मानलं नाही. त्यामुळं खरं बोलावं तर आपल्याला कुणी मानेल म्हणून नव्हे, एवढं मला कळलं.

गंमत अशी, की तो लहान, स्वस्त यंत्राचा चमत्कार शेवटी घडला. कुणी तारीख दिली नाही, तिरुपतीला समारंभ झाला नाही, तरी तो मोबाइल होऊन आला आणि चहावाल्याच्या खिशातसुद्धा जाऊन बसला. आणि आल्या आल्या त्यानं पहिलं काम काय केलं? दिवसाला दोनशे 'म्हणे' आणून ओतायला सुरुवात केली! २०१८पासून व्हॉट्सअ‍ॅपवर पुढं ढकललेल्या निरोपावर 'फॉरवर्डेड' असं बारीक अक्षरात येतं. ते बघितलं की मला कलम ५२ आठवतं.

टपरीवर हल्ली नवा विषय आहे. औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार. तिला फेब्रुवारी २०१६मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३मध्ये दोन हजार सहाशे कोटींची अंतिम मंजुरी मिळाली. हे यंत्र अणूच्या पोटातल्या कणाहूनही बारीक हालचाल टिपणार आहे. त्यामुळं टपरीवरचं 'म्हणं' ते हमखास टिपेल, असं गुरुजींचं मत आहे. तिथं नोकऱ्या किती निघतील असं पोरं मला विचारतात. मी म्हणतो, "माहीत नाही." पोरं दुसरीकडं विचारायला जातात. माझी टपरीवरची पत फार उतरली आहे.

मामांच्या मुलीनं २०१३ साली शिकवण्यांच्या पैशांतून जुना कम्प्युटर घेतला. तिनं मला विचारलं नव्हतं, म्हणूनच घेता आला. आता ती सेनगाव तालुक्यात एक सेवा केंद्र चालवते. पीकविमा, दाखले, परीक्षेचे अर्ज. कीबोर्डकडं न बघता तिची बोटं धावतात. लोक म्हणतात, बिनपडद्याच्या सरावाचा फायदा झाला. सौ.सुद्धा एकदा म्हणाली, "झालं ते चांगलंच झालं." मला हे वाक्य फार आवडलं आणि म्हणूनच मी ते स्वीकारलं नाही. तिची बोटं धावतात यात श्रेय तिचं आहे. मी दिलेला चेक वटला नव्हता, तो नव्हताच वटला.

गेल्या महिन्यात ती बँकेत आली, बरोबर मामा. मामा निवृत्त झालेत, पण रेकॉर्ड रूमकडं अजून एक नजर टाकतात. ती म्हणाली, "काका, केंद्रासाठी लहान लॅपटॉप घ्यायचाय. दिवाळीत नवा येतोय म्हणायलेत, अजून लहान आणि अजून स्वस्त. घेऊ का थांबू?"

मी चष्मा वर केला. मग खाली केला.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "आज गरज असेल तर आजच्या भावात मिळतो तो घे. उद्याचं मला काही कळत नाही."

मामा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी काउंटरवरची एक पैसे काढायची स्लिप उचलली, उलटी केली आणि माझ्यासमोर ठेवली.

"लिहून द्या साहेब."

मी स्लिपच्या पाठीवर लिहिलं, "मला माहीत नाही." खाली सही केली, तारीख घातली. मामांनी सवयीनं शिक्का मारला, फुंकर घालून शाई वाळवली आणि स्लिप घडी घालून खिशात ठेवली.